कार्ड यूपीएसनं निवडलं: घरी जोडलेल्या कॉम्प्युटरच्या नोंदी, रामबाग, इंदूर

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

आजपासून लिहून ठेवतेय. निमित्त कालची रात्र. ऑफिसचा सी प्लस प्लसचा प्रकल्प पहिल्यापासून बिल्ड करायला, म्हणजे सगळ्या कोडचा चालता प्रोग्रॅम बनवायला, लॅपटॉपला ४१ मिनिटं लागतात. काल ३८व्या मिनिटाला लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलीय, आणि घरातला एकुलता एक यूपीएस वायफायच्या वाटणीला आहे.

लॅपटॉप २०१८चा. इंटेलचा आय-५ ८२५०यू प्रोसेसर, चार कोअर, ८ जीबी रॅम. पंधरा वॅटचा प्रोसेसर, तापला की स्वतःच वेग उतरवतो. रॅम भरली की डिस्क खरवडायला लागतो. दोन्ही एकदम झालं की माउसही अडखळतो. शिवाय पत्र्याच्या झाकणावर मनगट टेकलं की मुंग्या येतात. तीन वर्षं येतायत, सवय झाली.

१ सप्टेंबर

धाकट्या भावाशी तह झाला. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, शिकवण्या घेऊन त्यानं ४०,००० साठवलेत. माझे ७०,०००. म्हणजे मॉनिटर धरून १,१०,०००. सकाळी नऊ ते रात्री आठ मशीन माझं, आठनंतर त्याचं. रविवारचं नंतर भांडून ठरवू.

त्याची यादी: सायबरपंक हा खेळ चालला पाहिजे, व्हॅलोरंट खेळताना एकदाही झटका बसता कामा नये, आणि काचेचं कॅबिनेट. माझी यादी: लिनक्स, भरपूर रॅम, आवाज कमी. काचेला माझा विरोध नाही, पण दिव्यांचे पैसे माझ्या वाट्यातून जाणार नाहीत.

५ सप्टेंबर

आज खरं काम झालं. सहा कोअर पुरतील की आठ हवेत? एएमडीचा रायझन ५ ७६०० की रायझन ७ ७७००? फरक साडेआठ हजारांचा. ऑफिसच्या सर्व्हरवर रात्री कोणी नसतं. तिथे टास्कसेट ही कमांड लावून आधी १२ आणि मग १६ थ्रेडवर (एका कोअरचे दोन थ्रेड) पूर्ण बिल्ड केला. ११ मिनिटं १० सेकंद, आणि ८ मिनिटं ५० सेकंद. फरक दणदणीत, लगेच आठ कोअर लिहून टाकले.

मग टर्मिनलची हिस्टरी चाळली. गेल्या महिन्यात मी पूर्ण बिल्ड नऊ वेळा केला. एखादी फाइल बदलून केलेला छोटा बिल्ड हजारावर वेळा. छोट्या बिल्डमध्ये कंपायलरचं काम चार सेकंदांचं, पुढे १९ सेकंद नुसतं लिंकिंग, म्हणजे तयार तुकडे जोडणं, आणि त्यात बहुतेक वेळ एकच कोअर राबतो. बाकीचे सहा असोत की सोळा, बसून राहणार. नेहमीचा लिंकर काढून मोल्ड नावाचा लावला. १९चे ३ सेकंद झाले. फुकट.

म्हणजे वर्षभर ज्याला मी कोअरचं दुखणं समजत होते ते लिंकरचं होतं. पूर्ण बिल्डचे वाचणारे दोन-अडीच मिनिटं, महिन्यातून नऊदा, ह्यासाठी साडेआठ हजार? सहा कोअर पक्के.

रॅमही मोजली. आमची एकेक फाइल कंपाइल होताना ९०० एमबी ते १.३ जीबी खाते. बारा एकदम म्हणजे बारा-तेरा जीबी तिथेच. वर एडिटरचा इंडेक्सर, ब्राउझर, डॉकर. १६मध्ये भागणार नाही. ३२.

८ सप्टेंबर

घरी गणपती बसलेत, दोनच तास मिळाले.

इंटेल बाजूला ठेवला. १३व्या आणि १४व्या पिढीचे मोठे प्रोसेसर अस्थिर होतायत. प्रोसेसरच्या आतला मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता हे कंपनीनंच जुलैत सांगितलं, ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. सगळेच बिघडतात असं नाही. पण दुरुस्ती नवी असताना त्यावर माझे पैसे लावायचे नाहीत.

एएमडीमध्ये सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसरची बैठक, एएम४ की एएम५? एएम४ घेतलं तर बोर्ड आणि रॅम मिळून आठ-नऊ हजार वाचतात. सॉकेट २०१६चं, आणि यंदाच्या जुलैतसुद्धा त्यात बसणारे नवे प्रोसेसर आले, म्हणजे कंपनी शब्दाची पक्की. पण आता ते म्हातारं झालं. एएम५ २०२२चं, आणि २०२७ व त्यापुढेही चालवू असं सांगितलंय. चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता यावा म्हणून एएम५.

त्यात एक मेख आहे. एएम५ला फक्त डीडीआर५ जातीची रॅम चालते. दोन पट्ट्या ६०००च्या वेगानं सुखात धावतात. चार लावल्या की ७००० मालिकेत अधिकृत वेग ३६००वर येतो. तेव्हा ‘आत्ता दोन घेऊ, पुढे दोन वाढवू’ हे जुनं गणित इथे लागू नाही. १६-१६च्या दोन, आणि विषय संपला.

१४ सप्टेंबर

आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलची पहिली फेरी. विकत काही घ्यायचं नाही, फक्त भाव. भावाला बोलायला मनाई होती, कारण तो काउंटरवर गेला की चेहऱ्यावरच बजेट दिसतं.

चार दुकानांत चार भाव, ते चालायचंच. एका ठिकाणी (कुठल्या ते लिहीत नाही) भाव सगळ्यांत कमी निघाला. बिल मागितलं तर, “भिया को बोलो, बिल चाहिए तो अठारा परसेंट अलग.” मी समोर उभी, आणि निरोप भावासाठी! कार्डाची तीन वर्षांची वॉरंटी बिलावर आणि सीरियल नंबरवर चालते. बिलाशिवाय स्वस्त घेतलेलं कार्ड म्हणजे पहिल्या बिघाडाला भंगार. निघून आलो. येताना छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत थांबलो, तेवढीच कमाई.

१७ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. काम नाही. रात्रभर झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक. गिरण्या बंद होऊन कित्येक वर्षं झाली तरी त्यांच्या नावाच्या झांक्या निघतातच. पहाटे चारला घरी.

१८ सप्टेंबर

आजीनं सकाळीच जाहीर केलं, पितृपक्ष लागला, सर्वपित्री होईपर्यंत नवी वस्तू घरात येणार नाही. भाऊ म्हणाला, “आजी, कॉम्प्युटरला काय कळतंय पितृपक्ष?” ती म्हणाली, “त्याला नसेल कळत. तुझ्या आजोबांना कळतं.”

२ ऑक्टोबरपर्यंत सक्तीची सुट्टी. बरंच झालं. नाहीतर आम्ही परवाच कार्ड आणलं असतं, आणि चुकीचं आणलं असतं.

२१ सप्टेंबर

ग्राफिक्स कार्डावरून तीन तास भांडण. भावाला आरएक्स ६७५० एक्सटी हवं होतं. १२ जीबी मेमरी, ताकदही जास्त. मला आरटीएक्स ४०६०. ८ जीबी, मेमरीची बस १२८ बिटची. त्याचं म्हणणं, आठ जीबी दोन वर्षांत तोकडी पडणार. तो बरोबर बोलतोय. कूडासाठी, म्हणजे कार्डावर गणितं चालवायच्या सोयीसाठी, एनव्हिडियाचंच कार्ड (आरटीएक्स) लागतं हे माझं तुणतुणं, पण कूडा मला वर्षातून किती लागतो हे मीही जाणून आहे.

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी एकच विचारलं, “किती वॅटचं?”

तिथे गणित उलटलं. ६७५० एक्सटी २५० वॅट. ४०६० ११५ वॅट. आपला यूपीएस ६०० व्हीए, म्हणजे ३६० वॅट. प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणतात, पण भर कामात ८८पर्यंत ओढतो. बोर्ड, पंखे, डिस्क ५० धरा, मॉनिटर ३०. ४०६० घातलं तर २८३. दुसरं घातलं तर ४१८, आणि ऐन खेळात लाइट गेली की यूपीएस लोड पाहून हात वर करणार. मोठा यूपीएस घ्या, त्याच्या दोन बॅटऱ्या दर तीन वर्षांनी बदला. शिवाय मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना दहा बाय अकराच्या खोलीत २५० वॅटची शेगडी.

कार्ड यूपीएसनं निवडलं. भाऊ दिवसभर गप्प होता. संध्याकाळी स्वतःच ४०६०चे व्हिडिओ पाहत बसला.

२२ सप्टेंबर

यूपीएसची बॅटरी फुगलेली निघाली. नवी लागणार. (आजी: “अमावास्येनंतर.”) बाबांनी मल्टिमीटर काढला आणि मी सहज बोलून गेले की लॅपटॉपच्या झाकणाला मुंग्या येतात.

“कधीपासून?”

“तीन वर्षं तरी झाली असतील.”

बाबा चौतीस वर्षं वीज मंडळात होते. त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

झाकण आणि न्यूट्रल ह्यांच्यात मीटर लावला. ११२ व्होल्ट. नंतर त्यांनी कागदावर काढून दाखवलं ते असं: कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणारा डबा) विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला, दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला. चार्जरमध्येही त्याच जातीची गाळणी. बॉडी अर्थला जोडलेली असेल तर गळणारा जरासा करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर बॉडी दोघांच्या मधोमध लोंबकळते, २३०च्या साधारण निम्म्यावर. करंट अगदी किरकोळ, म्हणून नुसत्या मुंग्या. पण उद्या आत फेजची तार सुटून पत्र्याला टेकली तर? अर्थिंगशिवाय एमसीबी पडणारच नाही, आणि पत्रा अख्खे २३० व्होल्ट घेऊन वाट पाहत बसेल.

सॉकेटची प्लेट उघडली. हिरवी तार होती, स्क्रूखाली नीट आवळलेली. मग मीटरजवळचा मुख्य बोर्ड उघडला. तिथे घरातल्या सगळ्या हिरव्या तारा एकत्र पिळून, त्यांच्यावर काळी टेप व्यवस्थित गुंडाळून, कोपऱ्यात दुमडून ठेवल्या होत्या. पुढे काही नाही. १९९६मध्ये वायरिंग बदललं तेव्हापासून त्या तशाच.

बाबा बराच वेळ त्या टेपकडे पाहत होते. आजी दारातून म्हणाली, “गावाची लाइट सांभाळली.” पुढचं बोलली नाही, तेच बरं.

२९ सप्टेंबर

अर्थिंगचा खड्डा. मागच्या अंगणात मोरीच्या पाण्याची ओल असते, ती जागा बाबांनी निवडली. पावसाळा आत्ताच सरलाय, काळी माती लोण्यासारखी कापली गेली. सात फुटांवर मुरूम लागला तिथून गडी कुरकुरायला लागले. आठ फुटांचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वरून तार बोर्डापर्यंत. बाबा आयएस ३०४३ ह्या अर्थिंगच्या मानकाचे आकडे म्हणत होते आणि गडी “हौ साब, हौ साब” करत होते. खर्च ४,२००, बाबांच्या खिशातून. ही खरेदी नव्हे, दुरुस्ती, असं आजीला पटवलं. पाइप नवा आहे हे कोणी तिला सांगितलं नाही.

मीटरवर विश्वास ठेवायचा नाही, तो भुताचं व्होल्टेजही दाखवतो, असं म्हणून बाबांनी १०० वॅटचा बल्ब होल्डरला लावून एक टोक फेजला आणि एक अर्थला दिलं. सकाळी जोडणीआधी केलं तेव्हा बल्ब मेल्यासारखा होता. आता लख्ख पेटला. न्यूट्रल आणि अर्थमध्ये १.२ व्होल्ट.

लॅपटॉपच्या झाकणावर मनगट ठेवलं. काहीच नाही. थंड पत्रा.

ह्याच आठवड्यात ऑनलाइन सेल, ४०६० दुकानापेक्षा १,३०० रुपयांनी स्वस्त. भावानं युक्ती काढली की ऑर्डर आत्ता, पार्सल नवरात्रात. आजीचा निकाल: पैसे दिले की खरेदी झाली. संपलं.

२ ऑक्टोबर

अंतिम यादी, म्हणजे पुन्हा पुन्हा उघडायला नको.

रायझन ५ ७६००, १८,४००. बी६५० चिपसेटचा छोटा बोर्ड, १३,२००. ए६२० तीन हजारांनी स्वस्त होता, पण त्यांतल्या बऱ्याच बोर्डांवर व्हीआरएमला (प्रोसेसरला वीज देणारा भाग) हीटसिंकच नाही, आणि पुढे मोठा प्रोसेसर घालायचा म्हणूनच तर एएम५ घेतोय. ३२ जीबी रॅम, १०,२००. विंडोजसाठी १ टीबीची चौथ्या पिढीची एनव्हीएमई डिस्क, ६,७००, लिनक्ससाठी वेगळी ५०० जीबी, ३,६००. दोन डिस्क मुद्दाम. एकाच डिस्कवर दोघांना नांदवलं की विंडोजच्या एखाद्या अपडेटमध्ये माझा बूटलोडर, म्हणजे लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम, जातो. आरटीएक्स ४०६०, २८,५००. ६५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस, ५,३००. जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट, एका बाजूला काच, ४,१५०. बेरीज ९०,०५०. मॉनिटर १९,०००.

वीज कमी वाया घालवणारा गोल्ड एसएमपीएस का नाही? बाबांनी युनिटमध्ये हिशेब केला. २५० वॅट लोडला ब्रॉन्झ भिंतीतून २९४ ओढेल, गोल्ड २७८. सोळा वॅटचा फरक, रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस. ३८ युनिट. आठ रुपयांनी तीनशे रुपये, तेही सतत भर लोड धरून. किमतीतला फरक १,८००. राहू दे.

मॉनिटरवर मी एक इंच मागे सरले नाही. २७ इंच, १४४०पी. २४ इंचाच्या १०८०पीवर एका इंचात ९२ ठिपके, ह्यात १०९. दिवसाचे दहा तास अक्षरं वाचायची आहेत. ४०६०ला हा पडदा जड जाईल, जड खेळ डीएलएसएसवर चालतील, म्हणजे कार्ड लहान चित्र काढून ते मोठं करेल. भावाला मान्य.

५ ऑक्टोबर

घटस्थापना होऊन गेली, खरेदी झाली. सगळं एकाच दुकानातून, बिलावर प्रत्येक सीरियल नंबर. बोर्ड काउंटरवरच उघडून मोबाइलच्या टॉर्चनं सॉकेट पाहिलं. एएम५मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाला असतात, १,७१८. उजेड तिरपा धरला की सगळ्या एकसारख्या चमकतात, शेतातल्या गव्हासारख्या. पहिल्या डब्यात डाव्या कोपऱ्यातली एक चमकली नाही. दुकानदारानं न बोलता दुसरा डबा काढला.

६ ऑक्टोबर

पोहे खाऊन, जिरावण मसाल्याचे हात दोनदा धुऊन बसलो. सॉकेटचा दांडा खाली दाबताना बोर्ड करकरतो. काळं प्लास्टिकचं झाकण फटकन उडालं आणि भावानं डोळे मिटले. ते उडायचंच असतं. सोबतच्या कूलरसाठी बोर्डावरचे दोन प्लास्टिकचे कंस काढावे लागतात. मागची पट्टी एएम४सारखी हातात येत नाही, हे एक सुख.

चूक माझी. बोर्ड कॅबिनेटमध्ये आवळून झाल्यावर लक्षात आलं की प्रोसेसरची आठ पिनांची केबल वरच्या भोकातून आधीच काढायला हवी होती. आता कनेक्टर त्या फटीतून जाईना. नऊ स्क्रू परत सोडले.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पडदा काळा, बोर्डावर रॅमचा पिवळा दिवा. डीडीआर५ पहिल्या वेळी स्वतःला जुळवून घेते, हे वाचून ठेवलं होतं. भावाचा हात बटणावरून धरून बाजूला ठेवला. साडेचार मिनिटांनी चित्र आलं. एक्स्पो ही रॅमच्या वेगाची तयार जुळणी लावून रॅम ४८००वरून ६०००वर नेली.

पूर्ण बिल्ड: ८ मिनिटं २० सेकंद. लॅपटॉपच्या ४१ मिनिटांचे.

८ ऑक्टोबर

व्हॅलोरंटला विंडोज ११वर सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप चालू हवी. लिनक्सवर तर तो खेळ चालतच नाही. ठीक. पण सिक्युअर बूट चालू असला की लिनक्स सही नसलेला एनव्हिडिया ड्रायव्हर चढवत नाही. माझं लिनक्स, उबंटू, इन्स्टॉल करताना एक पासवर्ड विचारतं, आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल मोक’ (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली भरणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. दहा सेकंद थांबतो. मी पाणी प्यायला उठले होते. भावानं निळं पाहून घाबरून ‘कंटिन्यू’ दाबलं. एकोणीस हजारांचा मॉनिटर आणि १०२४ बाय ७६८चं चित्र. मोकयूटिल कमांडनं किल्ली पुन्हा भरली, ह्या वेळी जागची हलले नाही.

१० ऑक्टोबर

भाऊ रात्री खेळला की सकाळी माझं घड्याळ चुकतं. दर वेळी बरोबर साडेपाच तासांनी. विंडोज बोर्डावरच्या घड्याळात भारताची वेळ लिहितं, लिनक्स तीच यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ, समजून वर साडेपाच तास मिळवतं. नऊच्या मीटिंगला मशीन अडीच वाजले म्हणत होतं. लिनक्सला एका कमांडनं सांगितलं, घड्याळ स्थानिक धर.

यूपीएसची परीक्षा: भर खेळात भिंतीचं बटण बंद. भिंतीवरच्या मीटरनं आधी २५५ वॅट दाखवले होते. ३ मिनिटं ४० सेकंद टिकलं. नुसतं कोड लिहिताना १६ मिनिटं. एसएमपीएसनं ह्या यूपीएसमधून येणाऱ्या विजेच्या ओबडधोबड लाटेबद्दल तक्रार केली नाही, ती मला धास्ती होती.

१२ ऑक्टोबर, दसरा

बाबांचा मल्टिमीटर, माझा कीबोर्ड, आजीची विळी, सगळं पाटावर मांडलं. कॅबिनेट पाटावर मावलं नाही म्हणून आजी त्याच्याकडे गेली. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, आणि मी “आजी, वरून नको” म्हणेपर्यंत अक्षता. कॅबिनेटच्या माथ्यावर जाळी आहे. मशीन चालू होतं. पंख्यात तांदूळ गेल्यावर जो आवाज येतो तो एसएमपीएसच्या कुठल्याच पुस्तिकेत लिहिलेला नाही.

बंद केलं, आडवं केलं, हलवलं. अकरा दाणे निघाले. बारावा नसावा.

२० ऑक्टोबर

सोबतच्या कूलरवर पूर्ण बिल्डमध्ये प्रोसेसर ९१ अंशांवर जातो आणि पंखा किंचाळतो. खोली ३१. प्रोसेसर ९५पर्यंत सहन करतो, मी करत नाही. दोन हजारांचा टॉवर कूलर आणला, माझ्या खिशातून. आता ७२, बिल्ड ८ मिनिटं ५ सेकंद.

कूलर बसवायला कार्ड बाहेर काढलं. कार्डाच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये बारावा दाणा होता, कुंकवानं लाल. चिमट्यानं काढायला गेले तर आणखी आत सरकला. कार्डाचं तापमान ६८, तेच जे आधी होतं. परत बसवलं.